सामाईक यंत्राचा कारभार

एकाच सर्व्हरवर दहा-वीस संस्थांची संकेतस्थळे नांदत असावीत, त्या सर्वांना मिळून स्मृती एक, प्रोसेसर एक आणि डेटाबेसही एकच असावा, आणि या सामाईक व्यवस्थेत कोणा एकाच्या स्क्रिप्टने आपल्या वाट्याहून अधिक घ्यावयास आरंभ करावा, ही घटना इतकी नित्याची झाली आहे की तिच्याकडे निव्वळ तांत्रिक अडचण म्हणून पाहण्याची आपणांस सवय जडली आहे. परंतु थोडे खोल पाहिले असता असे आढळते की, मर्यादा कोणी घालावी, ती कोणावर पडावी, आणि पडताना कारण सांगण्याचे बंधन तिच्यावर असावे की नाही, हे प्रश्न येथे राज्यकारभारात असतात तितकेच खरे आहेत, आणि त्यांची उत्तरे चुकली तर भुर्दंड भरणारा बहुधा निराळाच कोणीतरी असतो.

माझ्या परिचयातील एक मामा आणि त्यांची भाची यांच्यामध्ये या विषयावर जो वाद झाला त्याला निमित्त असे घडले. एका जुन्या वाचनालयाने आपल्या संग्रहातील जीर्ण मासिकांची पाने स्कॅन करून संकेतस्थळावर ठेवण्याचे काम हाती घेतले होते, आणि प्रत्येक पानाची लहान प्रतिमा तयार करणारी स्क्रिप्ट भाचीने पीएचपीमध्ये लिहिली होती. क्रॉनच्या वेळापत्रकानुसार ती दर पाच मिनिटांनी सुरू व्हावी अशी तजवीज होती. एका रात्री पानांचा मोठा गठ्ठा एकदम आला. पहिली फेरी पाच मिनिटांत संपली नाही, ती चालू असतानाच दुसरी सुरू झाली, दोन्ही चालू असताना तिसरी. आणि चार गिगाबाइट स्मृतीच्या त्या यंत्रावर अशा पाच प्रती एकमेकींच्या शेजारी, तीच पाने उघडून, तेच काम करीत राहिल्या. स्मृती संपली. तेव्हा लिनक्सच्या कर्नेलने आपला अखेरचा अधिकार वापरून एक प्रक्रिया मारली. मात्र ज्या पाच प्रतींनी हा प्रसंग ओढवला त्यांपैकी एकीलाही धक्का लागला नाही, मारला गेला तो डेटाबेस. सकाळी वाचनालयाच्या बरोबरीने त्या यंत्रावरील एका शाळेचे, एका पतसंस्थेचे आणि एका नाट्यमंडळाचे संकेतस्थळही बंद पडलेले आढळले.

त्या यंत्राचा कारभार मामांकडे आहे. वाद पुढे पुष्कळ दिवस चालला. मी श्रोता होतो, आणि जेथे माझे मत निराळे पडले तेथे ते नमूद केले आहे.

भाचीने प्रथमच रोखठोक विचारले, "मामा, आधीची फेरी संपल्यावाचून नवी सुरू होऊ नये म्हणून कुलूप-फाइल ठेवावयास हवी होती, याबद्दल वाद नाही, ती मी आता ठेवली आहे. पण तुमच्या यंत्राच्या न्यायाविषयी मला विचारायचे आहे. अपराध माझ्या पाच प्रतींचा आणि देहदंड डेटाबेसला, हा निकाल कोणत्या विचाराने दिला गेला?"

"अगं, त्याला निकाल म्हणता येत नाही," मामा म्हणाले. "लिनक्स आपल्या प्रक्रियांना हाती असलेल्या स्मृतीहून अधिक स्मृतीचे वचन देऊन ठेवते, कारण बहुतेक प्रक्रिया मागतात तेवढी स्मृती कधीच वापरीत नाहीत, आणि प्रत्येकीच्या मागणीइतकी जागा खरोखर राखून ठेवली तर यंत्राचा मोठा भाग रिकामा पडून राहील. हे वचन एरवी निभावते. ज्या दिवशी सगळ्या एकदम वसुलीला येतात त्या दिवशी कर्नेलमधला ओओएम किलर, म्हणजे स्मृती संपल्यावर एखादी प्रक्रिया मारणारा भाग, प्रत्येक प्रक्रियेच्या नावे गुण मांडतो, आणि ते गुण मुख्यतः एका गोष्टीवर ठरतात : या घटकेला कोणी किती स्मृती व्यापली आहे. डेटाबेसने दीड गिगाबाइट व्यापली होती, कारण तेवढी मुभा मीच त्याला दिली होती. तुझी एकेक प्रत साडेचारशे मेगाबाइटच्या आसपास होती. पाचांची बेरीज डेटाबेसहून मोठी होते हे खरे, पण तो बेरीज करीत नाही, एकेकाला मोजतो."

"म्हणजे जो परवानगीने, सर्वांच्या कामासाठी, स्थिरपणे मोठा झाला तो मरतो, आणि जे लहान राहून गर्दी करतात ते वाचतात."

"त्या दिवशी तसेच झाले. डेटाबेसचे गुण उतरवून ठेवण्याची सोय आहे. उणे हजार केले की त्याला हात लागत नाही. पण मग दुसरे कोणी निरपराध सापडेल. एकदा स्मृती संपली की न्यायाला अवकाश राहत नाही, म्हणून माझा आग्रह असा की गोष्ट तिथवर जाऊच देऊ नये. ज्याचा खर्च त्याच्याच खात्यात मोजावा आणि त्याच्याच दारात अडवावा. त्यासाठी लागणारी यंत्रणा काही नवी नाही. बर्कली येथील युनिक्सच्या १९८३ सालच्या आवृत्तीत एकेका प्रक्रियेवर मर्यादा घालण्याची सोय होती, आणि २००८ साली लिनक्समध्ये सीग्रुप आल्यापासून प्रक्रियांचा एक पुरा गट मिळून किती स्मृती घेईल हेही ठरवून देता येते. तशी मर्यादा वाचनालयाच्या खात्यावर असती तर तुझ्या पाच प्रती आपसांत भांडल्या असत्या, आणि पतसंस्थेला त्याचा पत्ताही लागला नसता."

भाचीने हे ऐकून घेतले, पण तिची हरकत मर्यादेच्या मुळावरच होती, आणि ती तिने हिशेबानिशी मांडली. "तुमच्या पीएचपीची मूळ मर्यादा १२८ मेगाबाइट. आता एक पान घ्या. ए-फोर आकाराचे पान तीनशे डीपीआयने स्कॅन केले की २४८० गुणिले ३५०८, म्हणजे सुमारे ८७ लाख बिंदू होतात. डिस्कवर ती फाइल एखाद्या मेगाबाइटची दिसते, कारण ती दाबून ठेवलेली असते. पण तिच्यावर काम करायचे तर ती उलगडावी लागते, आणि उलगडल्यावर प्रत्येक बिंदूला चार बाइट लागतात, म्हणजे जवळजवळ साडेतीन कोटी. तीन पाने मर्यादेत मावतात, चौथ्याला स्क्रिप्ट कोसळते. माझी स्क्रिप्ट नेमाने चौथ्या पानावर कोसळत होती. आणि कोसळताना संदेश कोणता? तर १३,४२,१७,७२८ बाइटांची परवानगी संपली, अमुक ओळीवर. ती ओळ म्हणजे शेवटची मागणी ज्या ओळीवर आली ती. आधीची दहा कोटी बाइट कोठे गुंतली, कोणत्या यादीत मी पाने उघडी धरून ठेवली, याचा त्यात एक शब्द नाही. ज्या मर्यादेचा माझ्या कामाशी काही संबंध नाही आणि जी मोडल्यावर मला काही शिकवीत नाही, ती मी उठवून टाकली. कोणीही टाकली असती."

येथे मला भाचीचा पक्ष अर्धा खरा वाटतो, आणि तो अर्धा फार महत्त्वाचा आहे. मर्यादा उठवण्याचे प्रकार बहुधा उर्मटपणातून घडत नाहीत. मर्यादा मुकी असते, तिचा आकडा कोणी, केव्हा, कशासाठी ठरवला हे तिच्याजवळ कोठेही लिहिलेले नसते, आणि समोर काम तुंबलेले असते, म्हणून ते घडतात. परंतु तिचा हिशेबच तिला दुसरी एक गोष्ट सांगत होता. एका पानाला साडेतीन कोटी बाइट लागतात हे ज्याला ठाऊक आहे, त्याने एक पान उघडावे, लहान प्रतिमा करावी, पान मिटावे आणि मग दुसरे उघडावे. असे केले असता चार पाने असोत की चार हजार, खर्च तेवढाच राहतो. मर्यादा उठवल्याने ही गोष्ट तिच्या नजरेआड झाली.

मामांनी नेमके तेच सांगितले, पण त्यांच्या युक्तिवादाचा भर निराळा होता. ते म्हणाले, "धुळ्याकडे पांझरेच्या काठी फड पद्धतीने पाणी देतात, ते तू वाचले असशील. बंधाऱ्याचे पाणी सर्वांचे, आणि पाटकरी ठरलेल्या क्रमाने एकेका शेताला ते सोडतो. पाळी संपली की पाट दुसरीकडे वळतो. असे वळवल्याने शेतकऱ्याच्या प्रामाणिकपणावर अविश्वास दाखवला असे कोणी म्हणत नाही."

"म्हणत नाही, कारण पाटकऱ्याला शेत किती बिघ्यांचे आणि त्यात पीक कोणते हे माहीत असते. त्याची पाळी ज्ञानातून ठरलेली आहे. पीएचपीच्या स्क्रिप्टला तुमच्याकडे असलेली तीस सेकंदांची मुदत कशातून ठरली? आणि पाण्याची गोष्ट काढलीत म्हणून सांगते : प्रोसेसर पाण्यासारखा आहे, स्मृती नाही. प्रोसेसरचा क्षण दुसऱ्याला दिला की मी थोडी थांबते, आणि माझी पाळी पुन्हा येते. एमआयटीमध्ये १९६१ साली फर्नांडो कॉर्बातो आणि त्यांचे सहकारी यांनी सीटीएसएस ही यंत्रकाल वाटून देणारी व्यवस्था चालवून दाखवली, तेव्हा फार वेळ घेणाऱ्या कामाला त्यांनी मारले नाही, ते मागच्या रांगेत सारले. तसे का करीत नाही? मागे सारा, मारू नका."

हा प्रश्न मला या साऱ्या वादातील सर्वांत उत्तम प्रश्न वाटला, आणि मामांनाही तो तसाच वाटला असावा, कारण त्यांनी उत्तर देण्यास वेळ घेतला.

"प्रोसेसरपुरते तुझे म्हणणे मान्य," ते म्हणाले. "आजही कामाचा अग्रक्रम उतरवून ते चालू ठेवता येते, आणि शक्य तेथे मी तसेच करतो. पण स्मृतीचे काय? ती व्यापलेली असते. व्यापणारा मागच्या रांगेत जाऊन उभा राहिला तरी त्याने अडवलेली जागा मोकळी होत नाही. तीही मागे सारता येते, नाही असे नाही. डिस्कवर स्वॅपची जागा ठेवली की कर्नेल स्मृतीची कमी वापरातली पाने तिकडे नेऊन ठेवतो. परंतु प्रत्येक कामाला ज्या पानांची घडोघडी गरज असते तीच पाने जर बाहेर जाऊ लागली, तर यंत्राचा सगळा वेळ पाने आत-बाहेर करण्यातच जातो; प्रोसेसर मोकळा, डिस्क अखंड चालू आणि काम कोणाचेच नाही. पीटर डेनिंग यांनी १९६८ साली या अवस्थेची कारणमीमांसा केली, थ्रॅशिंग असे तिचे नाव आहे. त्या अवस्थेत गेलेले यंत्र मरत नाही, म्हणूनच ते अधिक वाईट. मी लॉगिन करण्यासाठी नाव टाईप करतो, आणि अक्षर पडद्यावर उमटण्याची वाट पाहत बसतो. ज्या प्रक्रियेला थांबवायचे तिला थांबवण्याचा हुकूम देण्यापुरतीही स्मृती उरलेली नसते. त्यापेक्षा वेळीच एकीला थांबवणे बरे."

मामांनी मग ट्युरिंगचे नाव काढले, आणि येथून वादाला खरी धार आली. १९३६ साली अ‍ॅलन ट्युरिंग यांनी जो निबंध लिहिला त्याचा पुढे रूढ झालेला एक निष्कर्ष असा की, कोणताही प्रोग्रॅम आणि त्याला दिलेली सामग्री पाहून तो कधीतरी थांबेल की अखंड चालत राहील हे सर्व बाबतींत बिनचूक सांगू शकेल अशी एक सर्वसाधारण रीत असूच शकत नाही. मामांचे म्हणणे असे की, यंत्राच्या व्यवस्थापकाला कायमचे अज्ञान पदरी बांधून दिलेले आहे. समोर आलेली स्क्रिप्ट थांबेल की नाही हे त्याला तत्त्वतःच कळू शकत नाही, आणि ज्याला आधी कळू शकत नाही त्याने मुदत घालून देण्यावाचून दुसरे काय करावे?

"मामा, तो सिद्धान्त सर्व प्रोग्रॅमविषयी आहे, माझ्या प्रोग्रॅमविषयी नाही," भाची म्हणाली. "हजार पानांची यादी घेऊन एकेका पानावर काम करणारे आवर्तन हजार फेऱ्यांनी थांबते, हे सांगायला ट्युरिंग लागत नाही. आपण रोज लिहितो ते बहुतेक प्रोग्रॅम थांबणारे आहेत, ते सिद्धही करता येते. आणि खरी गंमत पाहा : ज्या स्क्रिप्टांनी मोठमोठी यंत्रे बंद पाडली त्यांपैकी पुष्कळ थांबणाऱ्याच होत्या. २० जुलै २०१६ रोजी स्टॅक ओव्हरफ्लो हे स्थळ ३४ मिनिटे बंद होते. कारण काय, तर ओळीच्या आरंभी आणि शेवटी असलेल्या मोकळ्या जागा कापून टाकणारे एक लहानसे सूत्र, रेजेक्स. कोणाच्या तरी मजकुरात एकापुढे एक सुमारे वीस हजार रिकाम्या जागा आल्या, पण त्या ओळीच्या अगदी शेवटी नव्हत्या. सूत्राने पहिल्या जागेपासून मोजत जाऊन पाहिले, शेवट सापडला नाही. मग दुसरीपासून, मग तिसरीपासून. वीस हजार, अधिक एकोणीस हजार नऊशे नव्याण्णव, अशी उतरती बेरीज करीत गेले की सुमारे वीस कोटी तपासण्या होतात. सूत्र निश्चित थांबणारे होते, गणिताने थांबणारे होते. तो मजकूर मुखपृष्ठाच्या यादीत आला, सर्व्हर जिवंत आहेत की नाहीत हे पाहणारी व्यवस्था तेच मुखपृष्ठ मागून पाहत होती, आणि उत्तर येईना म्हणून तिने एकेक सर्व्हर सेवेतून काढून घेतला. आता सांगा, थांबेल की नाही या प्रश्नाचा येथे काय उपयोग झाला असता?"

मामा म्हणाले, "माझ्या बाजूनेच झाला असता. थांबणार हे माहीत असूनही केव्हा थांबणार हे माहीत नाही, म्हणजे अज्ञान कमी झाले नाही, उलट अधिक जवळचे झाले. लाख वर्षांनी थांबणारे आवर्तनही सिद्धान्ताच्या दृष्टीने थांबणारेच."

"पण उपाय मुदतीत नव्हता, रीतीत होता. त्यांनी ते सूत्र काढून त्या जागी साधे अक्षरे कापण्याचे फंक्शन घातले. आणि अशी सूत्रे तपासण्याची, मजकुराच्या लांबीच्या प्रमाणातच वेळ घेणारी रीत केन थॉम्प्सन यांनी १९६८ सालीच प्रसिद्ध केली होती. जिच्या वेळेची हमी देता येते अशी रीत हाताशी असताना बेभरवशाची रीत वापरायची आणि मग तिच्यावर पहारा बसवायचा, हा कारभार मला पटत नाही. तुम्ही पहाऱ्यावर जितके विसंबता तितके लिहिणारे निष्काळजी होतात. तुमच्या वेब सर्व्हरमध्ये एक सेटिंग आहे, इतक्या विनंत्या झाल्या की कामकरी प्रक्रिया मारून नवी सुरू करायची. कशासाठी? चुकून होणाऱ्या मेमरी लीकमुळे ती फुगू नये म्हणून. तिच्या माहितीतच तसे लिहिले आहे. म्हणजे गळती आहे हे मान्य, ती शोधायची नाही, भांडे बदलत राहायचे. अशाने वर्षानुवर्षे गळती कोणाला दिसतही नाही."

या ठिकाणी मामांनी जे उदाहरण दिले ते ऐकून माझे मत बरेचसे त्यांच्या बाजूला झुकले, हे मी सांगून टाकतो. २ जुलै २०१९ रोजी क्लाउडफ्लेअर या कंपनीने आपल्या सुरक्षा-यंत्रणेत एक नवा नियम जगभरच्या यंत्रांवर एकाच वेळी सोडला. नियम अद्याप कोणाला अडवणारा नव्हता, निव्वळ निरीक्षणासाठी होता. तथापि त्यातील सूत्र असे होते की जुळणी न साधल्यास ते मागे फिरून शक्य त्या सर्व विभागण्या पुन्हा पुन्हा तपासत राही. जगभरच्या त्यांच्या यंत्रांचे प्रोसेसर शंभर टक्क्यांवर गेले आणि त्यांच्यामागे असलेली असंख्य संकेतस्थळे २७ मिनिटे उघडेनात.

"आता यातील मर्म ऐक," मामा म्हणाले. "एका सूत्राने अवास्तव प्रोसेसर खाऊ नये म्हणून त्यांच्याकडे एक संरक्षण पूर्वी होते. ते काही आठवड्यांपूर्वी, यंत्रणेची पुनर्रचना करताना, चुकून निघून गेले होते. आणि ती पुनर्रचना कशासाठी चालली होती? यंत्रणेने प्रोसेसर कमी वापरावा म्हणून! ज्यांनी हे केले ते तुझ्या-माझ्याहून शहाणे लोक होते. त्यांना रीत ठाऊक होती, आणि पुढे त्यांनी वेळेची हमी देणाऱ्या रीतीकडे वळण्याचे जाहीरही केले. तुझे म्हणणे तेवढे खरे ठरले. पण रीत बदलण्याआधी, त्या दिवशी तिथे काय हवे होते? पहारा."

भाची क्षणभर थांबली, आणि मग तिने जे विचारले त्याने वादाचे वळणच बदलले. "ते संरक्षण काढणाऱ्याला ते कशासाठी आहे हे कळले असते, तर त्याने काढले असते का? माझ्यासारखेच झाले ना त्याचे? मर्यादा होती, पण तिचे कारण तिच्यापाशी नव्हते."

त्या काढणाऱ्याच्या मनात काय होते हे तिला किंवा मला कळण्याचा मार्ग नाही, आणि तिचा तर्क त्या घटनेला किती लागू पडतो हे मी सांगू शकत नाही; परंतु स्वतःच्या स्क्रिप्टपुरता तो अक्षरशः लागू पडत होता, आणि मामांनीही ते मान्य केले. यानंतरचे बोलणे तत्त्वाकडून तपशिलाकडे वळले, आणि मला वाटते की अशा वादांत खरा विचार बहुधा तेथेच होतो.

भाचीने दाखवून दिले की वेळेची मर्यादा जे मोजते ते आपण समजतो ते नव्हे. लिनक्सवर पीएचपीची ती तीस सेकंदांची मुदत स्क्रिप्टच्या स्वतःच्या कामापुरतीच चालते. डेटाबेसच्या उत्तराची वाट पाहण्यात किंवा दुसऱ्या सर्व्हरकडून काही मागवण्यात गेलेला वेळ तिच्यात धरला जात नाही. म्हणजे तासभर डेटाबेसच्या दारात उभी असलेली स्क्रिप्ट स्वतःच्या हिशेबाने दोन सेकंदांचीच असते, आणि त्या तासात वेब सर्व्हरची एक कामकरी प्रक्रिया तिने अडवून धरलेली असते. अशा प्रक्रियांची संख्या ठरलेली असल्याने, थोड्याशा लटकलेल्या विनंत्यांनी सारे दार बंद होऊ शकते, आणि त्या वेळी प्रोसेसर जवळजवळ रिकामा दिसतो. शिवाय क्रॉनकडून सुरू झालेल्या स्क्रिप्टला ही मुदत मुळातच नसते. तेथे मूळ मूल्य शून्य असते आणि शून्य म्हणजे अमर्याद. "म्हणजे तुमची मर्यादा जेथे आहे तेथे ती चुकीचे मोजते, आणि जेथे हवी होती तेथे ती नव्हतीच," असे ती म्हणाली. आणि बाहेरून भिंतीवरच्या घड्याळाप्रमाणे मोजणारी वेगळी मुदत लावल्याखेरीज यावर इलाज नाही हे मामांनी कबूल केले.

उलट मामांनी तिच्या गळी एक गोष्ट उतरवली, आणि ती मला फार मोलाची वाटते. थांबवण्याचे दोन हुकूम असतात. पहिला, पंधरा क्रमांकाचा, प्रक्रियेला ऐकू येतो. तो आल्यावर हातातले पान पुरे करून, फाइल मिटवून, कुलूप काढून नीट निघून जाण्याची सवड तिला मिळते. दुसरा, नऊ क्रमांकाचा, तिला ऐकूच येत नाही. कर्नेल तिला जागच्या जागी नाहीशी करतो, आणि अर्धी लिहिलेली फाइल अर्धीच राहते. "मी नेहमी पहिला हुकूम देऊन थोडा वेळ थांबतो," मामा म्हणाले, "पण तुझ्या स्क्रिप्टने तो ऐकण्याची व्यवस्थाच केली नसेल तर माझी सभ्यता वाया जाते. आणि दुसरा हुकूम केव्हा येईल याचा नेम नाही. वीज जाते, डिस्क बिघडते, मीही चुकतो. कोणते पान झाले आणि कोणते राहिले हे तू प्रत्येक पानामागे लिहून ठेव. लहान प्रतिमा आधी निराळ्या नावाने लिही आणि पुरी झाल्यावरच तिला खरे नाव दे. मग तुझे काम कोणत्याही क्षणी थांबवले तरी एका पानाहून अधिक काही वाया जाणार नाही. असे लिहिलेल्या कामावर मर्यादा कितीही कडक असली तरी ती अन्याय करू शकत नाही."

हा विचार मला भाचीच्या आक्षेपाचे खरे उत्तर वाटतो. मर्यादा प्रामाणिक कामाचाही जीव घेते हे तिचे दुःख खोटे नव्हते, पण ज्या कामाला मरण सोसते त्याला मर्यादेचे भय राहत नाही. आणि असे काम लिहिणे हे मर्यादा घालणाऱ्याच्या हाती नसून लिहिणाऱ्याच्या हाती असते. मामांच्या बाजूला जे अपुरे होते तेही तितकेच स्पष्ट झाले होते : मर्यादेने पडताना नाव घेतले पाहिजे, कोणी किती घेतले आणि किती परवानगी होती हे खातेदाराला वाचता येईल अशा लॉगमध्ये लिहिले पाहिजे, आणि आकड्याचे कारण आकड्याजवळ असले पाहिजे.

दहावीच्या निकालाच्या दुपारी जी धावपळ होते तिचाही उल्लेख निघाला होता, पण दोघांनी तो लगेच बाजूला ठेवला, आणि ते योग्यच केले. लाखो माणसे एका वेळी एकेक लहान मागणी घेऊन येतात तेव्हा अपराधी कोणी नसतो, आणि तेथे मर्यादा नव्हे तर यंत्रेच वाढवावी लागतात.

अखेरीस जे ठरले ते असे. भाचीने स्क्रिप्ट नव्याने लिहिली. ती एका वेळी एकच पान उघडते, आणि स्वतःची ९६ मेगाबाइटची मर्यादा तिने आपल्या हाताने घालून घेतली आहे. मामांनी वाचनालयाच्या साऱ्या खात्याला मिळून ५१२ मेगाबाइटचा सीग्रुप आखून दिला, आणि सेटिंगच्या फाइलमध्ये त्या आकड्याच्या वरच्या ओळीत पुढील मजकूर लिहिला : "यंत्राची स्मृती ४ गिगाबाइट, पैकी डेटाबेस दीड, उरलेली सर्व खात्यांत वाटायची आहे. एका पानास उलगडल्यावर ३५ मेगाबाइट लागतात. आकडा वाढवण्यापूर्वी डेटाबेसचा वाटा पाहावा." भाचीच्या आग्रहावरून शेवटी त्यांनी एक वाक्य आणखी घातले, की वर्षाअखेर हा हिशेब पुन्हा तपासावा.

मुदतीवर मात्र एकमत झाले नाही. मामांनी एका फेरीला वीस मिनिटांची मुदत लावली आहे. भाचीचे म्हणणे असे की काम आता कोठेही थांबवता येते, स्मृती बांधलेली आहे, अग्रक्रम उतरवलेला आहे आणि कुलूप-फाइल दुसरी फेरी सुरू होऊ देत नाही, तेव्हा वेळ मोजण्याने कोणाचे रक्षण होते हे सांगितल्यावाचून ती मुदत ठेवू नये. मामांचे उत्तर असे की डेटाबेसच्या दारात अडकून पडलेली फेरी कुलूप कधीच सोडणार नाही, आणि मग नवी पाने येऊनही काम बंद राहील व ते कोणाच्या ध्यानातही येणार नाही. त्यावर भाची म्हणते की तेवढ्यासाठी फेरीला मारण्याची गरज नाही, डेटाबेसकडील प्रत्येक प्रश्नाला मुदत लावावी. दोघांचीही कारणे त्या फाइलमध्ये मुदतीच्या ओळीखाली, एकाखाली एक, लिहिलेली आहेत.